लोझानचा क्रीडा लवाद: खेळाडूला मिळणाऱ्या सेवेचे परीक्षण

ऑलिम्पिकच्या प्रवेशिकेवर सही करताना खेळाडूच्या डोक्यात वजन, वेळ आणि प्रतिस्पर्धी असतात. त्या सहीसोबत आपण एका न्यायसेवेचे ग्राहकही झालो, हे बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते. ऑलिम्पिक सनदेच्या नियम 61 नुसार स्पर्धेदरम्यान किंवा स्पर्धेच्या संदर्भात उद्भवणारा वाद केवळ स्वित्झर्लंडमधील लोझान शहरातल्या क्रीडा लवाद न्यायालयाकडेच नेता येतो. बहुतेक आंतरराष्ट्रीय महासंघांच्या नियमावल्यांतही याच अर्थाचे कलम असते. सही करायची नसेल तर खेळायचे नाही, एवढाच काय तो पर्याय. जी सेवा ग्राहकाने निवडलेलीच नाही तिचे परीक्षण करण्यात काय हशील, असे कोणी विचारील. पण शेजारचे दुसरे दार उघडे नसते तेव्हाच एकुलत्या एक दाराची नीट पाहणी करणे भाग पडते. ही पाहणी मी लवादाचे प्रसिद्ध निवाडे आणि त्यांच्यावर वरच्या न्यायालयांनी दिलेले निर्णय वाचून केली आहे. प्रश्न एकच धरला आहे: ज्या खेळाडूचा मानवी हक्क पणाला लागला आहे, म्हणजे शरीराची प्रतिष्ठा, भेदभावाविना उपजीविका किंवा निःपक्ष सुनावणी यांपैकी काही त्याच्या हातून निसटते आहे, त्याच्या पदरात इथे नेमके काय पडते?

आधी सेवा पुरवणाऱ्याची ओळख करून घेऊ. हा लवाद 1984 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने स्थापन केला, आणि सुरुवातीची दहा वर्षे त्याचा खर्च, त्याचे नियम आणि त्याचे सदस्य या सगळ्यांवर समितीचाच हात होता. गुंडेल नावाच्या जर्मन घोडेस्वाराच्या प्रकरणात 1993 मध्ये स्वित्झर्लंडच्या संघीय न्यायालयाने लवादाला मान्यता दिली खरी, पण समितीशी असलेली ही जवळीक समिती स्वतःच वादातील पक्ष असेल तेव्हा अडचणीची ठरेल, असेही बजावले. त्यानंतर 1994 मध्ये लवादावर देखरेख करणारे स्वतंत्र मंडळ आले. या मंडळाची मूळ रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. वीस सदस्यांपैकी चार आंतरराष्ट्रीय महासंघांनी, चार राष्ट्रीय ऑलिम्पिक समित्यांच्या संघटनेने आणि चार आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने नेमायचे. मग या बारा जणांनी खेळाडूंच्या हिताचा विचार करून आणखी चार निवडायचे. आणि शेवटी या सोळा जणांनी चार स्वतंत्र सदस्य घ्यायचे. म्हणजे खेळाडूंचे हित पाहणारे सदस्यसुद्धा खेळाडूंनी नव्हे, तर महासंघांच्या आणि ऑलिम्पिक समित्यांच्या प्रतिनिधींनी निवडायचे. पुढे सदस्यसंख्या वाढली, रचनेतही फेरफार झाले. परंतु या मंडळाचे अध्यक्षपद अनेक वर्षे सांभाळणारे जॉन कोट्स त्याच काळात ऑलिम्पिक समितीचे उपाध्यक्षही होते, ही गोष्ट कागदावरच्या रचनेपेक्षा अधिक बोलकी आहे.

लवादांची, म्हणजे निवाडा करणाऱ्या व्यक्तींची, यादी हेच मंडळ तयार करते. अपिलाच्या प्रकरणात खेळाडू त्या यादीतून एक लवाद निवडतो, महासंघ एक निवडतो, आणि अध्यक्ष लवादाच्या अपील विभागाकडून नेमला जातो. कुस्तीच्या मैदानात पंचांची यादी एका तालमीच्या वस्तादाने करावी आणि समोरच्या पैलवानाला त्यातूनच हवा तो पंच घ्यायला सांगावे, अशातला हा प्रकार आहे. पंच प्रामाणिक असू शकतात, बहुतेक वेळा असतातही, पण पैलवानाच्या मनातली शंका त्यामुळे जात नाही. क्लाउडिया पेखश्टाइन या जर्मन स्पीड स्केटरने नेमकी हीच शंका स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेली. रक्तातील काही मूल्यांच्या आधारे, उत्तेजक घेतल्याच्या संशयावरून, 2009 मध्ये तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली होती. तिने उघड सुनावणी मागितली होती आणि लवादाने ती नाकारली होती. 2 ऑक्टोबर 2018 च्या निकालात न्यायालयाने उघड सुनावणी नाकारणे चुकीचे ठरवले, तसेच तिची लवादाला असलेली संमती ही खरी संमती नव्हती, सक्तीच होती, हेही मान्य केले. मात्र लवादाच्या रचनेत स्वातंत्र्याचा अभाव आहे, हे तिचे म्हणणे बहुमताने फेटाळले गेले. दोन न्यायाधीशांनी त्याविरुद्ध मत नोंदवले. मला त्या दोघांचे म्हणणे अधिक पटते.

आता खर्चाकडे वळू. येथे लवादाला गुण द्यायलाच हवेत. अपील दाखल करण्याचे शुल्क 1000 स्विस फ्रँक आहे, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने केलेल्या शिस्तभंगाच्या कारवाईविरुद्ध अपील असेल तर लवादांच्या मानधनाचा बोजा खेळाडूवर पडत नाही. ऑलिम्पिकच्या काळात स्पर्धेच्या शहरातच बसणाऱ्या तात्पुरत्या विभागाकडे दाद मागायला तर काहीच शुल्क नाही. गरजू खेळाडूंसाठी विधी साहाय्याचा निधीही आहे. परंतु अपिलाचे शुल्क हा खर्चाचा सर्वांत लहान भाग. साक्षीदार, तज्ज्ञ आणि दुभाषे आणण्याची जबाबदारी व त्यांचा खर्च त्या त्या पक्षाचा. ज्या वादात संप्रेरकांचे शास्त्र किंवा रक्ताच्या मूल्यांचे संख्याशास्त्र मांडायचे असते, तिथे नाकापेक्षा मोती जड होतो. ओडिशातील विणकर कुटुंबातून आलेली धावपटू द्युती चंद (तिच्या वादाविषयी पुढे येईलच) इथवर पोहोचली ती टोरांटोच्या वकिलांनी एक पैसाही न घेता तिची बाजू लढवली म्हणून, भारतीय क्रीडा प्राधिकरण पाठीशी उभे राहिले म्हणून, आणि पायोष्णी मित्रा यांच्यासारख्या अभ्यासक तिच्या सल्लागार होत्या म्हणून. या तिन्हींपैकी एक जरी नसते तरी तिचे प्रकरण अॅथलेटिक्स महासंघाच्या एका पत्रावरच संपले असते.

तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनच्या बाबतीत तसेच झाले. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिने 800 मीटरमध्ये रौप्यपदक जिंकले. लिंगचाचणीनंतर ते काढून घेण्यात आले, आणि ही बातमी तिच्या गावापर्यंत जगजाहीर झाली. तिच्या वतीने लोझानचे दार कोणीच ठोठावले नाही. सेवा अस्तित्वात होती, पण तिचा पत्ता सांगणारा माणूस नव्हता. द्युती आणि शांती यांच्यात आठ वर्षांचे अंतर आहे. लवादाच्या नियमांपेक्षा भोवतालच्या माणसांचाच फरक त्यात मोठा आहे.

सेवेच्या वेगाचे कौतुक फार ऐकू येते, आणि ते खोटे नाही. ऑलिम्पिकमधील तात्पुरता विभाग 1996 च्या अटलांटा स्पर्धेपासून काम करतो आणि तत्त्वतः चोवीस तासांत निकाल देतो. मात्र वेग कोणाच्या उपयोगी पडतो, हे दर वेळी तपासावे लागते. मुंबईत घडलेला, तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा पटकावलेला आणि महाराष्ट्र पोलिस दलात असलेला नरसिंग यादव याचे प्रकरण आपल्याकडे अजून विस्मरणात गेलेले नाही. रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यांत बंदी असलेले स्टेरॉइड सापडले. आपल्याविरुद्ध घातपात झाल्याचे त्याने सांगितले, आणि 1 ऑगस्ट 2016 रोजी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था म्हणजे नाडाच्या शिस्तपालन समितीने त्याला निर्दोष ठरवले. जागतिक संस्था म्हणजे वाडा त्याविरुद्ध रिओतील तात्पुरत्या विभागाकडे गेली. सुनावणी 18 ऑगस्टला झाली, निकाल त्याच रात्री आला आणि दुसऱ्या दिवशीच्या लढतीऐवजी त्याच्या वाट्याला चार वर्षांची बंदी आली. घातपाताच्या कथेला खरा पुरावा नाही, आणि तज्ज्ञांच्या मते हे द्रव्य एकाहून अधिक वेळा गोळीच्या रूपात घेतले गेले असावे, असे लवादाचे म्हणणे. निकाल चूक होता असे मला म्हणायचे नाही. पुराव्याचा भार खेळाडूवर असतो आणि तो त्याला पेलला नाही. पण ज्या सोनिपतच्या प्रशिक्षण केंद्रात घातपात झाल्याचे तो सांगत होता, तिथल्या भोजनगृहात नेमके काय घडले याची चौकशी भारतात पूर्ण होण्याआधी, परक्या शहरात, काही तासांच्या सुनावणीत कारकिर्दीचा फैसला होतो, तेव्हा ज्याच्याकडे प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ तयार असतात त्या बाजूला वेग मानवतो, हे उघड आहे.

टोकियोत याच्या उलट चित्र दिसले. बेलारूसची धावपटू क्रिस्तिना त्सिमानौस्काया हिने आपल्या प्रशिक्षकांवर समाजमाध्यमांतून टीका केली म्हणून तिला संघातून काढून जबरदस्तीने मायदेशी धाडण्याचा प्रयत्न झाला. तिने विमानतळावर जपानी पोलिसांची मदत घेतली. 200 मीटर शर्यतीत धावू द्यावे, यासाठी तिने लवादाकडेही अर्ज केला. तो तातडीने फेटाळला गेला, कारण आपले म्हणणे सिद्ध करण्याजोगा पुरावा ती देऊ शकली नाही. विमानतळावर अडकलेली, पाठीशी संघ नसलेली मुलगी काही तासांत कोणता पुरावा गोळा करणार होती? तिला आसरा मिळाला तो पोलंडच्या दूतावासात. लवादाने नियमानुसारच काम केले असेल. पण त्या नियमांत धमकीखाली असलेल्या माणसाची कल्पनाच नाही.

भाषेचा मुद्दा आपल्याकडच्या खेळाडूंना फार जवळचा आहे. कामकाज इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये चालते. मराठी, हिंदी, तमिळ बोलणाऱ्याने दुभाषा आणायचा, तोही स्वतःच्या पैशाने. दुभाषा कच्चा निघाला तर काय होते, याचे प्रात्यक्षिक नोव्हेंबर 2019 मध्ये माँत्र येथे चिनी जलतरणपटू सून यांगच्या उत्तेजक चाचणीच्या वादावरील उघड सुनावणीत साऱ्या जगाने थेट प्रक्षेपणातून पाहिले. प्रश्न एक आणि उत्तर भलतेच, असे चालले होते. दुभाषे बदलावे लागले, आणि शेवटच्या निवेदनाच्या वेळी तर त्याने प्रेक्षकांतून एका माणसाला भाषांतरासाठी पुढे बोलावले, ज्यावर लवादाच्या अध्यक्षांनी त्याला चांगलेच सुनावले. सून यांगची बाजू न्याय्य होती की नाही हा वेगळा विषय. परंतु आठ वर्षांची बंदी ज्या सुनावणीतून निघाली तिची ही अवस्था होती. पुढे तो निवाडा स्विस न्यायालयाने रद्द केला, तो मात्र भाषेमुळे नव्हे, तर अध्यक्ष फ्रांको फ्रात्तिनी यांनी चिनी लोकांविषयी केलेल्या ट्वीटमुळे त्यांच्या निःपक्षतेवर उपस्थित झालेल्या शंकेमुळे. फेरसुनावणीत बंदी चार वर्षे तीन महिन्यांवर आली.

आता या सेवेच्या गाभ्याकडे, म्हणजे निवाड्यांच्या गुणवत्तेकडे येतो. यासाठी तीन निवाडे शेजारी ठेवून वाचावेत, कारण त्या तिन्हींवर अॅनाबेल बेनेट या एकाच ऑस्ट्रेलियन माजी न्यायाधीशांचे नाव आहे: द्युती चंद 2015, कास्टर सेमेन्या 2019 आणि विनेश फोगट 2024. पहिल्या दोन्ही प्रकरणांत त्या तीन सदस्यांच्या पीठाच्या अध्यक्ष होत्या. तिसऱ्यात एकट्याच लवाद होत्या.

द्युतीचा निवाडा दीडशेहून अधिक पानांचा आहे आणि लवादाचे हे काम मी उत्तम मानतो. स्त्री धावपटूच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन या पुरुषांत जास्त असणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण लिटरमागे 10 नॅनोमोलहून अधिक असेल तर तिने औषधांनी ते खाली आणावे किंवा महिलांच्या शर्यतीत उतरू नये, असा तेव्हाचा नियम होता. 2014 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर द्युतीला याच कारणाने बाजूला काढण्यात आले, आणि अठरा वर्षांच्या मुलीच्या शरीराची चर्चा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर झाली. पीठाने प्रश्न असा मांडला की, नियम सकृद्दर्शनी भेदभाव करणारा आहे, तेव्हा त्याचे समर्थन करण्याची जबाबदारी महासंघाची. आणि नैसर्गिकरीत्या जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या स्त्रीला नेमका किती लाभ होतो, हे महासंघाने दाखवायला हवे. पुरुष आणि स्त्रिया यांच्या कामगिरीत दहा-बारा टक्क्यांचा फरक असतो. या स्त्रियांना मिळणारा लाभ जर त्याच्या आसपास नसेल, उत्तम आहार किंवा चांगले प्रशिक्षण यांतून मिळणाऱ्या लाभाइतकाच असेल, तर त्यांना वेगळे काढायला आधार काय? महासंघाकडे आकडा नव्हता. 24 जुलै 2015 रोजी तो नियम दोन वर्षांसाठी स्थगित झाला, आणि पुढच्या वर्षी द्युती रिओत 100 मीटर धावली. पी. टी. उषानंतर छत्तीस वर्षांनी त्या शर्यतीत उतरलेली ती पहिली भारतीय स्त्री.

या निवाड्यात खेळाडूच्या प्रतिष्ठेबद्दल भावनेने ओथंबलेले एकही वाक्य नाही. पुरावा आणा, इतकेच महासंघाला सांगितले आहे. मला वाटते, लवादाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही यातच आहे. दोन वर्षांची मुदत दिली याचा अर्थ महासंघाला अभ्यास करून परत येण्याचे निमंत्रणही दिले. आणि महासंघ परत आला.

2018 च्या नव्या नियमांत मर्यादा 5 नॅनोमोलवर आली आणि शर्यती 400 मीटर ते एक मैल एवढ्याच ठेवल्या गेल्या, त्यामुळे द्युती सुटली आणि दक्षिण आफ्रिकेची कास्टर सेमेन्या सापडली. दोनदा ऑलिम्पिक विजेती, 2009 मध्ये बर्लिनला अठराव्या वर्षी जगज्जेती झाल्यापासून जिच्या देहाची जाहीर चिकित्सा थांबलेली नव्हती, अशी ही धावपटू. या वेळी महासंघाने आकडे आणले होते. पीठाने 2 विरुद्ध 1 अशा मतांनी निर्णय दिला की हे नियम भेदभाव करणारे आहेत, परंतु महिलांच्या स्पर्धेचे रक्षण करण्यासाठी तो भेदभाव आवश्यक, वाजवी आणि प्रमाणबद्ध आहे. त्याच निवाड्यात पुढे काय येते, ते पाहावे: गोळ्या घेऊन पातळी सतत मर्यादेखाली ठेवणे प्रत्यक्षात जमेल का, याबद्दल पीठाला गंभीर शंका, 1500 मीटर आणि मैलाच्या शर्यतींबाबतचा पुरावा अपुरा असल्याने त्या तूर्त वगळाव्यात, अशी महासंघाला सूचना. सूचना, आदेश नव्हे. महासंघाने ती मानली नाही. निकाल 1 मे 2019 रोजी जाहीर झाला. 3 मे रोजी सेमेन्याने दोहात 800 मीटर जिंकली, आणि 8 मेपासून नियम लागू झाले. निरोगी स्त्रीने स्वतःचे शरीर बदलणारी औषधे घ्यावीत की पोट भरण्याचे साधन सोडावे, असा पेच तिच्यापुढे ठेवणाऱ्या नियमाविषयी ज्यांच्या मनात ‘गंभीर शंका’ होती, त्यांनीच तो नियम लागू होऊ दिला. निवाडे वाचताना मला सर्वाधिक खटकलेली जागा ती हीच.

विनेशच्या प्रकरणात हेच पुन्हा, थोडक्यात घडले. 6 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये टोकियोची सुवर्णविजेती युई सुसाकी हिला हरवून ती 50 किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन 100 ग्रॅम जास्त भरले आणि नियमानुसार तिचे नाव सरळ यादीच्या तळाशी गेले. रौप्यपदक विभागून मिळावे अशी तिची मागणी होती. तिच्या बाजूने पॅरिसच्या वकिलांनी विनामूल्य काम केले, आणि भारतीय ऑलिम्पिक संघटनेतर्फे नागपूरचे हरीश साळवे उभे राहिले, म्हणजे वकिलांची वाण नव्हती. चोवीस तासांत निकाल देणाऱ्या विभागाने तारीख दोनदा पुढे ढकलली आणि अखेर 14 ऑगस्टला अर्ज फेटाळल्याचे कळवले. सविस्तर निवाड्यात बेनेट लिहितात की दुसऱ्या दिवशीच्या वजनातील चुकीचे परिणाम अतिशय जाचक आहेत आणि खेळाडूने कोणतेही गैरकृत्य केलेले नाही. पण नियमात सवलतीला जागा नाही आणि नियम लवादाने लिहायचा नसतो. कायद्याच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. मात्र द्युतीच्या वेळी नियमालाच जाब विचारला गेला होता, तर विनेशच्या वेळी नियम गृहीत धरून त्यातून सूट मागितली गेली. आणि तिन्ही निवाडे एकत्र वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की या लवादापुढे दयेची याचना करणाऱ्याच्या पदरी सहानुभूतीचा परिच्छेद येतो, तर नियमाचा पाया खणून काढणाऱ्याला कधीमधी न्याय मिळतो.

विनेशचाच आणखी एक वाद या सेवेच्या कक्षेबाहेर राहिला, आणि त्याची नोंद केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. 2023 मध्ये ती, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले होते ते कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवरील लैंगिक छळाच्या आरोपांसाठी. ते प्रकरण दिल्लीच्या न्यायालयात गेले. कुस्तीच्या जागतिक संघटनेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय महासंघाला निलंबित केले खरे, पण कारण दिले ते निवडणुका वेळेत न घेतल्याचे. लवादाकडे जायचे तर महासंघाचा काही निर्णय हवा, ज्याविरुद्ध अपील करता येईल. तक्रारीवर निर्णयच घेतला नाही, की ग्राहकासाठी खिडकी सहसा उघडत नाही. कतारमध्ये विश्वचषकाची मैदाने बांधणारे नेपाळी, बांगलादेशी आणि भारतीय मजूर तर या सेवेच्या हिशेबातच येत नाहीत, कारण त्यांचा फिफाशी करार नाही. डच कामगार संघटनेच्या पाठिंब्याने एका बांगलादेशी मजुराने फिफाविरुद्ध झुरिकच्या व्यापारी न्यायालयात दावा लावला होता. तो जानेवारी 2017 मध्ये फेटाळला गेला. फिफाच्या घटनेत 2016 पासून मानवी हक्कांचे कलम आहे, पण ते मोडले गेल्याची तक्रार घेऊन मजुराने लोझानला जावे, अशी तरतूद नाही.

निवाडा पटला नाही तर पुढे काय, हाही सेवेचाच भाग. सुनावणी रिओत होवो की पॅरिसमध्ये, कायद्याच्या दृष्टीने लवादाचे स्थान लोझानच असते, म्हणून अपील फक्त स्वित्झर्लंडच्या संघीय न्यायालयात, तेही अगदी मोजक्या कारणांवर. सेमेन्या तिथे 2020 मध्ये हरली आणि स्ट्रासबर्गला गेली. 10 जुलै 2025 रोजी तेथील मोठ्या पीठाने 15 विरुद्ध 2 मतांनी ठरवले की स्विस न्यायालयाने तिच्या प्रकरणाची पुरेशी कसून तपासणी केली नाही, त्यामुळे निःपक्ष सुनावणीच्या हक्काचा भंग झाला. लवाद सक्तीचा असतो आणि प्रश्न मूलभूत हक्कांचा असतो, तेव्हा तपासणी विशेष काटेकोर हवी. भेदभाव आणि खासगी जीवनाविषयीच्या तक्रारी मात्र स्वित्झर्लंडच्या अधिकारक्षेत्रात येत नाहीत म्हणून दाखलच करून घेतल्या नाहीत. तिला खर्चापोटी 80,000 युरो मिळाले. 800 मीटरची शर्यत तोवर तिच्या आयुष्यातून गेली होती, आणि जागतिक महासंघाने 2023 मध्येच मर्यादा 2.5 नॅनोमोल करून ती सर्व शर्यतींना लावली होती. स्ट्रासबर्गच्या निकालानंतर तीन आठवड्यांनी, 1 ऑगस्ट 2025 रोजी, युरोपीय संघाच्या न्यायालयाने बेल्जियममधील सेराँ या फुटबॉल क्लबच्या प्रकरणात निर्णय दिला की लवादाचे निवाडे युरोपीय सार्वजनिक धोरणाशी जुळतात का, हे सदस्य देशांच्या न्यायालयांना तपासता आलेच पाहिजे. युरोपातील खेळाडूसाठी हे मोठे पाऊल आहे. साताऱ्याच्या किंवा ओडिशातल्या जाजपूरच्या धावपटूला त्याचा थेट उपयोग नाही.

आपल्याकडे 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे, ज्याच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयात अपील होऊ शकेल. देशांतर्गत निवड, निवडणुका, महासंघांची मनमानी यांसाठी ते उपयोगी ठरावे. आंतरराष्ट्रीय नियमांनी जे वाद लोझानच्याच कक्षेत ठेवले आहेत, ते मात्र तिथेच राहणार.

म्हणून खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक यांना माझी शिफारस अशी की ही सेवा वापरावीच लागेल असे धरून चालावे आणि तिची तयारी प्रसंग येण्याआधी करावी. महासंघाच्या नियमात वेगळी मुदत नसेल तर अपिलासाठी निर्णय हाती पडल्यापासून 21 दिवस मिळतात, आणि ते वकील शोधण्यातच सरतात. महासंघाचे प्रत्येक पत्र कोणत्या तारखेला मिळाले, हे लिहून ठेवावे. वैद्यकीय तपासणी कशासाठी चालली आहे हे लेखी विचारावे. द्युतीच्या वेळी असे विचारण्याची सोय तिला कोणी सांगितली नव्हती. शिस्तभंगाचा आरोप असेल तर अर्जातच उघड सुनावणीची मागणी नोंदवावी. पेखश्टाइनच्या निकालानंतर लवादाने आपला नियम बदलला आहे आणि अशी मागणी आता सहजासहजी नाकारता येत नाही. दुभाषा मात्र सुनावणीच्या आधीच पारखून घ्यावा, आणि तो आपल्या खेळाची परिभाषा जाणणारा असावा.